हेडसेट चढवण्याआधी: स्कॅनचा डेटा व्हीआरमध्ये बघायला शिकताना

आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यातच विचारतो, "ताई, तो व्हीआरचा हेडसेट कधी घालायला मिळेल?" व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवून त्रिमितीय चित्राच्या आत शिरल्यासारखं बघणं. मी पुण्यात पाषाणला एका संशोधन संस्थेत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (नमुन्याचे वेगवेगळ्या खोलीवरचे काप टिपणारा) सांभाळते आणि हेडसेटचं कपाटही माझ्याच ताब्यात आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: "प्रश्न घेऊन ये, मग किल्ली देते."

प्रश्न म्हणजे कसा? मागच्या पावसाळ्यात एका मुलीने झेब्राफिश या लहान माशाच्या भ्रूणाचा स्टॅक, म्हणजे अशा कापांची चळत, आणला. सगळे काप एकावर एक दाबून केलेल्या सपाट चित्रात दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या दिसत होत्या. खरंच जोडल्यात, की एक दुसरीच्या मागून जातेय? हेडसेट घालून तिने मान तिरकी केली, खालून वर पाहिलं, आणि दहा सेकंदांत म्हणाली, "ताई, मध्ये फट आहे." मग आम्ही परत कापांवर आलो आणि मोजलं. 9 मायक्रोमीटरची फट, मधले काप स्वच्छ काळे. काम झालं. उलट त्या चिकटलेल्या दिसल्या असत्या तर मी इतक्या लवकर मानलं नसतं, कारण खोलीच्या दिशेने सूक्ष्मदर्शकाचं रिझोल्यूशन आडव्या दिशेपेक्षा दोन-तीन पटींनी वाईट असतं आणि बारीक फट त्या धूसरपणात बुजून जाते.

काय कशाला चिकटलंय, काय कशाच्या आत आहे, कुठून कुठे जातंय, अशा प्रश्नांना व्हीआर कामाला येतं. 'किती पेशी आहेत' किंवा 'किती उजळ आहे' हे विचारायचं असेल तर हेडसेट घालू नका, साधा प्रोग्रॅम ते जास्त चांगलं करतो.

सामान

विंडोजचा संगणक आणि त्यात खेळांसाठी विकतात तसलं वेगळं ग्राफिक्स कार्ड. कार्डाची स्वतःची मेमरी 8 जीबी असेल तर शिकण्यापुरतं भागतं, 12 असेल तर उत्तम. हेडसेट म्हणून मेटा कंपनीचा क्वेस्ट 2, 3 किंवा 3एस चालतो. हे हेडसेट स्वतंत्रपणेही चालतात, पण मोठ्या डेटासाठी सगळं गणित संगणकाने करायचं आणि चित्र फक्त हेडसेटला पाठवायचं. त्यासाठी संगणकावर स्टीमव्हीआर हे हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर लागतं, ते फुकट आहे. मॅकवाल्यांनी इथे थांबावं. स्टीमव्हीआरने 2020 मध्येच मॅकची साथ सोडली. तुमच्यासाठी वेगळी वाट पुढे दिली आहे.

जोडणीबद्दल एक अनुभव सांगते. मी तपकीर गल्लीतून पाच मीटरची यूएसबी-सी केबल घेऊन आले आणि दोन दिवस चित्र का अडखळतंय म्हणून संगणकाला शिव्या घातल्या. केबल चार्जिंगची होती. तिच्यातून डेटा जायचा तो जुन्या यूएसबी 2 च्या वेगाने. दुकानदाराने "चार्जिंगला हवी का डेटाला?" असं विचारलंही होतं, मीच घाईत "कुठलीही द्या" म्हणाले होते. वायरशिवाय जोडायचं असेल तर क्वेस्टवर स्टीम लिंक हे अ‍ॅप टाका, राउटरचा 5 गिगाहर्ट्‌झचा बँड वापरा आणि संगणक मात्र राउटरला वायरनेच जोडा. दोन्ही टोकं वाय-फायवर ठेवली की हमखास अडखळतं.

आणि पंखा. जुन्या बांधकामाच्या, कमी उंचीच्या खोलीत छताचा पंखा बंद केल्याशिवाय हात वर करू नका.

पहिला दिवस: दुसऱ्याच्या डेटावर

स्वतःचा डेटा पहिल्याच दिवशी उघडू नका. काही बिघडलं तर चूक डेटाची, सॉफ्टवेअरची की जोडणीची हे कळत नाही. थ्रीडी स्लायसर हे फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते मूळचं वैद्यकीय प्रतिमांसाठी बनलेलं आहे, पण कुठलाही त्रिमितीय डेटा त्याला चालतो.

स्लायसर उघडून एक्स्टेन्शन्स मॅनेजरमध्ये जा, 'स्लायसर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' शोधा, इन्स्टॉल करा आणि स्लायसर बंद करून पुन्हा चालू करा. वरच्या पट्टीत हेडसेटचं चिन्ह दिसू लागेल. ते लगेच दाबायचा मोह आवरा.

'सॅम्पल डेटा' या मॉड्यूलमध्ये सरावासाठी तयार स्कॅन असतात. छातीचा सीटी स्कॅन घ्या. तीन चौकटींत तीन दिशांचे काप दिसतील, चौथी चौकट रिकामी असेल. आता 'व्हॉल्यूम रेंडरिंग' मॉड्यूलमध्ये जाऊन नावाशेजारचा डोळा उघडा आणि प्रीसेटमधून, म्हणजे रंग-उजेडाच्या तयार मांडण्यांमधून, छातीच्या सीटीसाठीचा एखादा निवडा. चौथ्या चौकटीत फासळ्या उभ्या राहतील. खाली 'शिफ्ट' नावाची सरकपट्टी आहे, ती डावी-उजवीकडे हलवा: कातडी, मग स्नायू, मग हाडं. एवढं बघायला विद्यार्थी अर्धा तास घालवतात आणि तो वेळ वाया जात नाही.

त्याच मॉड्यूलमध्ये तपासा की रेंडरिंग ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे 'जीपीयू रे कास्टिंग'वर आहे, मुख्य प्रोसेसरवर नाही. दर्जा 'अ‍ॅडॅप्टिव्ह' ठेवा, म्हणजे हालचाल करताना चित्र थोडं खरबरीत होईल पण अडकणार नाही.

आता स्टीमव्हीआर चालू करा, हेडसेट जोडला गेल्याची खात्री करा आणि मग ते चिन्ह दाबा. छाती तुमच्या मागेच असेल किंवा पायाशी पडलेली असेल. घाबरू नका. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी मॉड्यूलमध्ये 'संदर्भ दृश्याशी जुळवा' अशा अर्थाचं बटण आहे. ते दाबलं की संगणकाच्या पडद्यावर ज्या कोनातून दिसतंय तसंच समोर येतं.

आत गेल्यावर हात कसे चालवायचे

दोन्ही कंट्रोलरची बाजूची बटणं, म्हणजे मधल्या बोटाखालची, एकदम दाबून हात लांब-जवळ करा. सगळं विश्व मोठं-लहान होतं, फिरतं, सरकतं. जॉयस्टिकने उडतही जाता येतं, पण नवख्यांनी उडू नये असं माझं ठाम मत आहे. डोळे सांगतात आपण चाललो, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण उभे आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. हाताने डेटा ओढून जवळ आणला की मेंदूला ते पटतं, कारण वस्तू हलवायची सवय त्याला आहेच.

तर्जनीखालच्या ट्रिगरने एखादी वस्तू उचलता येते. नको ती वस्तू सारखी हातात येत असेल तर 'डेटा' मॉड्यूलमध्ये त्या वस्तूची निवड बंद करून टाका.

पहिल्यांदा दहा मिनिटं. बसून. गरगरायला लागलं की त्याच क्षणी काढा, 'थोडं अजून' करत राहिलात तर संध्याकाळ जाते. दोन भिंगांमधलं अंतरही स्वतःच्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्या. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण सरासरीला डोकेदुखी होत नाही, तुम्हाला होते.

स्वतःचा डेटा: खरं काम इथे आहे

त्या झेब्राफिशचीच फाइल घेऊ, कारण तिच्यात सगळ्या चुका झाल्या होत्या. 2048 गुणिले 2048 पिक्सेलचे 200 काप. मुलीने टिफ फाइल थेट स्लायसरमध्ये टाकली आणि हाक मारली, "ताई, मासा भाकरीसारखा चपटा का झालाय?"

कारण असं की टिफ फाइलमधून मापं गळून पडली होती. आडवा पिक्सेल 0.3 मायक्रोमीटरचा आणि दोन कापांमधलं अंतर 1 मायक्रोमीटर. म्हणजे तुकडा खरा 614 मायक्रोमीटर रुंद आणि 200 जाड, साधारण तीनास एक. पण माप माहीत नसलेलं सॉफ्टवेअर सगळीकडे 1 धरतं, आणि मग प्रमाण दहास एक होतं. आधी फिजी या सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा बघायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉपर्टीज' उघडून आकडे बघा, मग स्लायसरच्या 'व्हॉल्यूम्स' मॉड्यूलमध्ये 'इमेज स्पेसिंग'च्या रकान्यांत तेच भरा.

इथे एक क्लृप्ती. स्लायसर मिलिमीटरमध्ये विचार करतो. तिथे 0.0003 असे आकडे भरले की वस्तू धुळीच्या कणाएवढी होते आणि कॅमेरा, मोजपट्टी सगळंच रुसतं. त्याऐवजी 1 मायक्रोमीटरला 1 मिलिमीटर समजा. 0.3, 0.3 आणि 1 भरा. मासा परातीएवढा, साधारण 61 सेंटिमीटर रुंद होऊन समोर येतो, म्हणजे हाताळायला अगदी सोयीचा. मोजपट्टीवर जे मिलिमीटर दिसतील ते मायक्रोमीटर म्हणून वाचायचे. ही गोष्ट फाइलच्या नावातच लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी परातीएवढा मासा छापून टाकेल.

दुसरी गोष्ट वजनाची. 2048 × 2048 × 200, प्रत्येक बिंदूला 2 बाइट: जवळपास 1.7 जीबी. तुलनेला 512 × 512 चे 300 काप असलेला सीटी स्कॅन 160 एमबीच्या आत बसतो. हेडसेटमध्ये चित्र सेकंदाला 90 वेळा नव्याने काढावं लागतं, तेही दोन डोळ्यांसाठी वेगवेगळं. एका खेपेला जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कार्डाने डेटातून लाखो किरण आरपार सोडून रंग गोळा करायचे असतात. म्हणून आडव्या दोन्ही दिशांनी निम्मं करा, वजन एकदम चौथ्या हिश्श्यावर, सव्वाचारशे एमबीच्या घरात येतं. त्याहून चांगलं म्हणजे 'क्रॉप व्हॉल्यूम' वापरून फक्त हवा तो भाग मूळ बारकाव्यासकट कापून घ्या. त्या दोन वाहिन्यांसाठी आम्हाला माशाचं डोकं लागतच नव्हतं. निम्मं करून पेशींचे पडदेच नाहीसे झाले तर त्या चित्राचा उपयोग काय? बारकावा ठेवायचा की पसारा, हे प्रश्नावरून ठरतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. कुठल्या उजेडाला किती अपारदर्शक दाखवायचं याचा आलेख तुम्ही आखता. तो थोडा डावीकडे सरकवला की मंद धूसर भाग दिसायला लागतो आणि फट बुजते. उजवीकडे सरकवला की खरी बारीक वाहिनीसुद्धा तुटलेली दिसते. म्हणजे त्या मुलीची 'फट' नुसत्या सरकपट्टीनेही तयार करता आली असती! म्हणून पट्टी दोन-तीन ठिकाणी ठेवून बघा, आणि जे दिसलं ते मूळ कापांवर जाऊन मोजल्याशिवाय वहीत लिहू नका.

नवं काय आलंय, आणि त्यातलं कामाचं काय

गेल्या काही वर्षांत या सॉफ्टवेअरमध्ये बरंच काही आलंय. सगळंच शिकायची गरज नाही.

पासथ्रू मला सगळ्यात आवडलं. हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून स्वतःची खोली दिसते आणि रेणू किंवा भ्रूण टेबलावर तरंगत असतो. कीबोर्ड दिसतो, चहाचा कप दिसतो, मार्गदर्शक दारात येऊन उभे राहिलेले दिसतात. ज्यांना पूर्ण काळोखात भीती वाटते किंवा मळमळतं, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. मॅकवाल्यांची वाटही हीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बनलेलं, रेणू आणि त्रिमितीय डेटा दाखवणारं कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर संगणकावर उघडा, त्यात डेटाचा पृष्ठभाग तयार करा, जीएलबी (त्रिमितीय आकारांची) फाइल म्हणून साठवा, ती क्वेस्टवर पाठवा आणि तिथे लुकसी नावाच्या अ‍ॅपमध्ये उघडा. मग हेडसेटला संगणकाची गरजच उरत नाही. मात्र यात फक्त पृष्ठभाग जातो, आतला धूसर डेटा नाही. म्हणजे कुठल्या उजेडावर कवच काढायचं हे आधीच ठरवावं लागतं आणि वर सांगितलेल्या सरकपट्टीचा धोका इथे दुप्पट. हा पृष्ठभाग बारीक त्रिकोणांनी बनतो, त्यांची संख्याही आवरा. कायमेराएक्समध्ये 'स्टेप' 2 केली की प्रत्येक दिशेला एकाआड एक बिंदू घेतला जातो, म्हणजे डेटा आठव्या हिश्श्यावर येतो. 'हाइड डस्ट' वापरून भोवतीचे सुटे ठिपके झाडून टाका, बराच भार तिथेच उतरतो.

विंडोजवर कायमेराएक्स थेट व्हीआरमध्येही चालतं. कमांडच्या ओळीत इंग्रजीत 'व्हीआर ऑन' टाइप करायचं, बस्स. प्रथिनांची रचना किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नकाशे बघणाऱ्यांनी स्लायसरच्या वाटेला न जाता इथेच यावं. सार्वजनिक संग्रहातला नकाशा नुसत्या क्रमांकावरून उघडतो.

हवेत रंगवून भाग वेगळा करणं ही दुसरी खरी उपयोगी सोय. पूर्वी एकेका कापावर माउसने कड काढत बसावं लागायचं, 200 काप म्हणजे दोन दिवस. कायमेराएक्समध्ये आता वैद्यकीय स्कॅनसाठी हातात गोळा धरून भाग रंगवता येतो. हात हवेत अर्धा तास राहिला की खांदा बोलायला लागतो, कोपर टेकायला खुर्चीचे हात हवेत. आणि हवेत रंगवलेली कड थरथरते. ढोबळ भाग हेडसेटमध्ये रंगवा, कडा माउसने साफ करा.

एकत्र बघण्याची सोयही आहे. कायमेराएक्समध्ये 'मीटिंग' कमांडने दोन ठिकाणची माणसं एकाच दृश्यात येतात, एकमेकांचे हात दिसतात. "ती वरची वाहिनी" म्हणजे नेमकी कुठली, यावरचे वाद मिटतात. पण संस्थांचं नेटवर्क बाहेरची जोडणी सहसा अडवतं, तेव्हा सादरीकरणाच्या दिवशी सकाळी नाही, आठवडाभर आधी नेटवर्क बघणाऱ्या माणसाला भेटून या.

ओपनएक्सआरबद्दल एवढंच: वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटसाठीचं हे एक सामाईक मानक आहे, पहिली आवृत्ती 2019 ची. सेटिंगमध्ये पर्याय दिसला तर तो वापरून बघा, नाही चालला तर जुन्यावर परत या.

आणि ओएमई-झार. हा फाइलचा प्रकार आहे, पण मोठा फरक यानेच पडेल असं मला वाटतं. एकच डेटा लहान-मोठ्या बारकाव्यांत आणि सुट्या तुकड्यांत साठवलेला असतो. लांबून ढोबळ प्रत उघडते, जवळ गेल्यावर तेवढाच तुकडा बारीक येतो. नवा सूक्ष्मदर्शक-डेटा साठवताना शक्य असेल तर याच रूपात ठेवा.

आकाशाकडे बघणाऱ्यांसाठी

पुण्यात हे लिहिताना खोडदला विसरून कसं चालेल? नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना तटस्थ हायड्रोजनचे, 1420 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे संकेतही टिपतात, आणि त्यातून तयार होणारा डेटाही घनाकृतीच असतो. तो फिट्स या खगोलशास्त्रातल्या फाइल-प्रकारात मिळतो. त्यासाठी आयडाव्ही हे फुकट सॉफ्टवेअर केपटाउन आणि इटलीतल्या कातानिया इथल्या खगोलशास्त्रज्ञांनी मिळून बनवलं आहे. घन उघडतो, कापता येतो, संकेताचा भाग हाताने रंगवून मुखवटा (कुठला भाग संकेत धरायचा त्याची खूण) दुरुस्त करता येतो आणि इंग्रजी आवाजी आज्ञाही चालतात. आज्ञा देताना शब्द सुटासुटा बोला. आपण घाईत असलो की इंग्रजीसुद्धा पुणेरी होतं.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. घनाच्या दोन बाजू आकाशातल्या आहेत, तिसरी वारंवारितेची, म्हणजे वेगाची. हेडसेटमध्ये आकाशगंगा समोर लांबलेली दिसते तेव्हा ती खोली नव्हे. पुढचं टोक जवळ आणि मागचं दूर असा अर्थ काढू नका. एक बाजू आपल्याकडे येतेय, दुसरी दूर जातेय, एवढंच ते चित्र सांगतं. हात पुढे करून आपण वेगात शिरतो, अंतरात नाही.

माणसांचे स्कॅन असतील तर

डायकॉम, म्हणजे वैद्यकीय स्कॅन ज्या रूपात मिळतात त्या, फाइलमध्ये रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालय सगळं असतं. ते पुसून मगच फाइल आणा, नुसतं फाइलचं नाव बदलणं म्हणजे पुसणं नव्हे. आणि डोक्याच्या एमआरआयची कातडी व्हीआरमध्ये उभी केली की चेहरा ओळखू येतो, नाव पुसलेलं असलं तरी. दुसऱ्याला दाखवण्याआधी चेहऱ्याचा भाग कापून टाका. स्लायसर संशोधनासाठी आहे. ओळखीचं कोणी स्वतःचा स्कॅन घेऊन "जरा आत बघून सांग ना" म्हणालं, तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.

आवरताना

स्लायसरमध्ये पूर्ण दृश्य एमआरबी फाइलमध्ये साठवा, म्हणजे डेटा, रंग, सरकपट्टीची जागा सगळं एकत्र राहतं. नाहीतर उद्या तीच फट पुन्हा सापडायची नाही. हेडसेटचा फोम पुसा, पुढच्याला तुमचा घाम नको. भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने.

आणि काढलेला हेडसेट भिंगं वर करून टेबलावर ठेवू नका. ऊन भिंगातून आत शिरलं की आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो, काही मिनिटं पुरतात. आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे आणि चारनंतर ऊन थेट टेबलावर येतं, म्हणून तो कपाटात असतो आणि किल्ली माझ्याकडे.